माद्रिदला शिकायला निघालात? आधी पत्ता पक्का करा

माद्रिदमध्ये उतरल्यावर पहिल्या दोन महिन्यांत जी कामं करायची असतात, ती सगळी एका गोष्टीला बांधलेली आहेत: जिथे तुमचं नाव सरकारदरबारी नोंदवता येईल असा पत्ता. पत्ता असला की महापालिकेत नोंद होते, नोंद असली की पोलिसांकडून परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र मिळतं, आणि ते हातात आलं की बँक, डिजिटल सही, मुदतवाढ, घरी जाऊन परत येणं, सगळ्याचा मार्ग मोकळा होतो. मी हे उलट्या क्रमाने केलं. स्वस्त खोली दिसली म्हणून लगेच पैसे भरले, नोंदीचं नंतर विचारलं, आणि घरमालक चक्क नाही म्हणाला. दुसरी खोली शोधून, पुन्हा अनामत भरून स्थिरावेपर्यंत पहिलं सत्र अर्धं संपलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निघण्याआधी

अर्ज करतानाच एक प्रश्न विद्यापीठाला लेखी विचारा: ही पदवी ‘ओफिथियाल’ आहे की ‘तीतुलो प्रोपियो’? पहिली सरकारमान्य पदवी. दुसरी त्या संस्थेची स्वतःची. दोन्हींना मास्टरच म्हणतात, जाहिराती सारख्याच देखण्या असतात, पण पुढे पीएचडी करायची असेल तर सरकारमान्य पदवीच उपयोगी पडते. माहितीपत्रकात ‘मास्तेर उनिवेर्सितारियो’ असं लिहिलेलं असेल तर ती सरकारमान्य समजायची, तरीही लेखी उत्तर मिळाल्याशिवाय शुल्क भरू नका. आणि हो, सरकारी विद्यापीठांतही युरोपबाहेरून आलेल्यांना मास्टरचा दर बहुतेक वेळा जास्त असतो. हिशेब मांडताना स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठीचा आकडा धरू नका.

गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रावर अपॉस्टील लागतं, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भाषांतर करून घेताना क्रम चुकवू नका. आधी अपॉस्टील, मग शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर, कारण त्या शिक्क्याचंही भाषांतर व्हावं लागतं. अनेक जण घाईत भाषांतर आधी करून घेतात आणि दोनदा पैसे भरतात.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांचा व्हिसा मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाकडे जातो. १८० दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र आणि २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख असलेलं वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. दरमहा खर्चाची तरतूद दाखवावी लागते, ती ‘इप्रेम’ नावाच्या सरकारी निर्देशांकाच्या १०० टक्के. २०२३ पासून हा आकडा महिन्याला ६०० युरो आहे. व्हिसासाठी तेवढं पुरतं, माद्रिदमध्ये जगायला पुरत नाही. आरोग्य विमा ‘सिन कोपागो’ हवा, म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर तुमच्या खिशातून दर भेटीला काही जाता कामा नये. प्रवासी विमा इथे चालत नाही.

नावाचा घोळ

ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी साधारणपणे वडिलांचं, मग आईचं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा तुमच्या नावाला जोडून येतं. स्पॅनिश कारकून तीन शब्द बघतो आणि सवयीने पहिल्याला नाव, दुसऱ्याला पहिलं आडनाव, तिसऱ्याला दुसरं आडनाव करून टाकतो. मग विद्यापीठात तुम्ही तुमच्या वडिलांच्या नावाने हाक मारले जाता, बँकेत वेगळ्याच नावाने, आणि कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

उपाय सोपा आहे. प्रत्येक फॉर्मवर ‘नोम्ब्रे’च्या रकान्यात पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये आहे ते सगळं, ‘प्रिमेर आपेयिदो’मध्ये फक्त आडनाव, आणि ‘सेगुन्दो आपेयिदो’ रिकामं. ऑनलाइन फॉर्म तो रकाना रिकामा सोडू देत नसेल तर कार्यालयात विचारून घ्या, मनाने काही भरू नका. पावती हातात पडली की खिडकीवरून हलण्याआधी नाव वाचा.

विमानतळावरून

बाराखास विमानतळावरून मेट्रोची ८ नंबरची लाइन शहरात येते, तिला नेहमीच्या तिकिटावर ३ युरो जादा पडतात. टर्मिनल ४ वर उतरलात तर सेर्कानियास ही उपनगरी रेल्वे तिथूनच मिळते. पिवळी एक्सप्रेस बस रात्रभर चालते. दोन मोठ्या बॅगा आणि रात्रीची वेळ असेल तर सरळ टॅक्सी करा. एम-३० या रिंगरोडच्या आत कुठेही ठरलेला एकच दर असतो, त्यामुळे वाद होत नाही. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का असलेलं पान जपून ठेवा. पुढे दोन्हींच्या प्रती लागतील.

खोली

पहिले दहा-पंधरा दिवस हॉस्टेल किंवा तात्पुरती जागा घ्या आणि खोली डोळ्यांनी बघूनच ठरवा. भारतातून पैसे पाठवून खोली ‘राखून’ ठेवू नका. किल्ल्या कुरिअरने पाठवतो म्हणणारा मालक म्हणजे फसवणूक, यात अपवाद मी पाहिलेला नाही. शोध बहुतेक जण इदेआलिस्ता या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर घेतात. विद्यापीठाच्या भिंतींवर आणि विद्यार्थ्यांच्या गटांतही जागा मिळतात.

भाग निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, लाइन बघा. कोम्प्लुतेन्से आणि पोलितेक्निका या विद्यापीठांचा मोठा परिसर शहराच्या वायव्येला, मोंक्लोआच्या पलीकडे, मेट्रोच्या गोल फिरणाऱ्या ६ नंबरवर आहे. आउतोनोमा उत्तरेला कान्तोब्लान्कोला, कार्लोस तेर्सेरोचे हेताफे आणि लेगानेस इथले परिसर दक्षिणेला, आणि अल्कालाचं विद्यापीठ पूर्वेला वेगळ्याच गावात. सेर्कानियासची सी-४ गाडी कान्तोब्लान्को आणि हेताफे दोन्हींकडे जाते, अल्कालाला सी-२. मोंक्लोआ, आर्ग्वेयेस, चाम्बेरी हे विद्यार्थ्यांचे आवडते भाग, पण महाग. तेतुआन, काराबान्चेल, वाएकास इथे तेवढ्याच पैशांत मोठी खोली मिळते. मी मध्यवर्ती भागाचा हट्ट सोडला आणि तेतुआनमध्ये दोन वर्षं फार सुखाने राहिलो.

खोलीचं भाडं साधारण ४५० ते ६५० युरो धरून चला. जाहिरातीत ‘इन्तेरिओर’ लिहिलं असेल तर खिडकी रस्त्याकडे नसून इमारतीच्या आतल्या चौकात उघडते. झोप शांत लागते, पण ऊन येत नाही, आणि जानेवारीत उन्हाची किंमत कळते. ‘गास्तोस इन्क्लुइदोस’ म्हणजे वीज, पाणी, गॅस धरून. हिवाळ्यात हीटिंग मध्यवर्ती आहे की विजेवरचं, हे विचाराच. विजेवरचं असेल तर बिल पाहून धक्का बसतो. गरम पाण्याची टाकी विजेची असेल तर ती किती लिटरची आणि घरात माणसं किती, याचाही हिशेब करा. शेवटच्या माणसाला गार पाण्याने अंघोळ करावी लागते.

पत्ता लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. ‘३ इथ्कियेर्दा’ म्हणजे तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर आधी ‘एन्त्रेसुएलो’, मग ‘प्रिन्थिपाल’ आणि त्यानंतर पहिला मजला येतो. लिफ्ट नसलेल्या घरातला तिसरा मजला प्रत्यक्षात पाचवा निघू शकतो.

आणि आता मुख्य प्रश्न. खोली बघताना, भाव करण्याआधी, हे वाक्य म्हणा: ‘मे पुएदो एम्पाद्रोनार आकी?’ म्हणजे इथे माझी नोंद करता येईल का? मालकाने हो म्हटलं तर करारावर तुमचं पूर्ण नाव, पत्ता आणि मुदत लिहून घ्या. त्याने आढेवेढे घेतले तर खोली कितीही छान असो, पुढे निघा. स्वतःच्या नावाचा करार असेल तर नोंदीसाठी मालकाची वेगळी परवानगी लागत नाही, पण करारच न देणाऱ्याशी भांडण्यात तुमचे महत्त्वाचे दिवस जातील. अनामतीला ‘फियान्था’ म्हणतात. ती भरल्याची पावती घ्या आणि राहायला जायच्या दिवशीच भिंती, गादी, खिडक्या यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

एम्पाद्रोनामिएन्तो

शब्द लांबलचक, काम छोटं. महापालिकेच्या लिनेआ माद्रिद कार्यालयात जाऊन आपण या पत्त्यावर राहतो असं नोंदवायचं. वेळ आधी ठरवावी लागते, तिला ‘थिता प्रेविया’ म्हणतात. ऑनलाइन किंवा ०१० वर फोन करून ती घेता येते. पासपोर्ट, करार आणि भरलेला अर्ज न्या. करार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या घरात आधीपासून नोंद असलेल्या माणसाची सहीची संमती चालते. बाहेर पडताना ‘वोलान्ते’ नावाचा कागद मिळतो. तो तीन महिन्यांच्या आतला असावा अशी बहुतेक कार्यालयांची अपेक्षा असते, म्हणून पुढच्या वर्षी लागला की नवा काढा. खोली बदलली की नोंदही बदला.

तिए, म्हणजे ते कार्ड

व्हिसावर किंवा त्यासोबत तुम्हाला ‘निए’ क्रमांक मिळतो: एक अक्षर, सात आकडे, पुन्हा एक अक्षर. हा पाठच करून टाका, प्रत्येक ठिकाणी विचारतात. निए हा क्रमांक आणि तिए हे कार्ड. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर स्पेनमध्ये आल्यापासून महिन्याभरात कार्डासाठी अर्ज करावा लागतो.

खरी अडचण असते पोलिसांची थिता मिळण्याची. संकेतस्थळावर ‘तोमा दे उएयास’, म्हणजे बोटांचे ठसे, हा पर्याय निवडायचा. पुष्कळदा जागा नाहीत असं दिसतं. रोज बघत राहा, सकाळी लवकर बघा, आणि माद्रिद प्रांतातली शहराबाहेरची कार्यालयंही तपासा. प्रयत्न केल्याचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. ही वेळ सरकार फुकट देतं. पैसे घेऊन ती विकणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

न्यायचे कागद असे: ईएक्स-१७ अर्ज, ७९० नमुन्यातला ०१२ क्रमांकाचा भरणा बँकेत केल्याची पावती, पासपोर्ट आणि त्याच्या, व्हिसाच्या, शिक्क्याच्या प्रती, वोलान्ते, विद्यापीठाच्या प्रवेशाचा पुरावा आणि एक फोटो. फोटो स्पॅनिश मापाचा, ३२ बाय २६ मिलिमीटर. भारतातून आणलेले फोटो मोठे पडतात. मेट्रो स्थानकांतल्या फोटोच्या यंत्रातून काढा. ठसे दिल्यावर पावती मिळते, कार्ड साधारण महिना-दीड महिन्याने, आणि ते घ्यायलाही थिता लागू शकते.

कार्ड आल्यावर ‘सेर्तिफिकादो दिखिताल’ काढून घ्या. ही डिजिटल सही. सरकारी कामांतल्या अर्ध्या रांगा तिने वाचतात.

फोन, पैसे, प्रवास

सिमकार्ड पासपोर्टवर मिळतं. बँकेत सुरुवातीला अनिवासी खातं उघडता येतं, कार्ड आल्यावर ते बदलून घ्या, म्हणजे शुल्क कमी होतं. खातं आणि स्पॅनिश नंबर जोडला की बिथुम सुरू करा. घरातल्या बिलांची वाटणी, मित्रांसोबतच्या जेवणाचे पैसे, सगळं त्यावर चालतं, आपल्या यूपीआयसारखं.

वय २५ पर्यंत असेल तर ‘आबोनो खोवेन’ घ्या, म्हणजे तरुणांचा मासिक पास. मूळ दर २० युरो, आणि अलीकडे सरकारी अनुदानामुळे त्याहूनही कमी लागत आला आहे. तेवढ्यात मेट्रो, बस, सेर्कानियास, पूर्ण माद्रिद प्रांत. विमानतळाचा जादा आकारही पडत नाही. पास पहिल्या वापरापासून ३० दिवस चालतो. सव्वीस पूर्ण झाली की हे सुख संपतं. मेट्रो रात्री दीडला बंद होते, त्यानंतर सिबेलेसच्या चौकातून रात्रीच्या बस सुटतात, त्यांना ‘बुओ’ म्हणजे घुबड म्हणतात. सोल आणि ग्रान व्हिआच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि मूळ पासपोर्ट घरीच ठेवा. आणीबाणीत ११२.

जेवण

दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सातला जेवायला बाहेर पडलात तर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये ते आणखी स्वस्त पडतं.

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ‘कार्ने’ म्हणजे मांस, पण बोलताना बऱ्याच लोकांच्या डोक्यात त्यात हॅम येत नाही, मासे तर नाहीतच. ‘एन्सालादा मिस्ता’वर ट्यूना असतो. ‘बेखेताल’ नावाच्या सँडविचमध्ये अंडं आणि ट्यूना असतो. फरसबीच्या भाजीत हॅमचे तुकडे, डाळीच्या आमटीत चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. म्हणून फक्त ‘सोय बेखेतारियानो’ म्हणून थांबू नका, मुलींनी ‘बेखेतारियाना’. पुढे जोडा: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन अतून, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, हॅम, ट्यूना, मासे, काहीच नको. अंडं खात असाल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, कुठेही मिळते आणि पोटभर असते.

घरी रांधणं सोपं आहे. मेर्कादोना, दिया, लिद्ल या सुपरमार्केटांत मसूर, छोले, राजमा कोरडेही मिळतात आणि शिजवून बाटलीत भरलेलेही. बेसन ‘आरिना दे गार्बान्थो’ या नावाने, रवा ‘सेमोला’ या नावाने. तूरडाळ, मोहरी, हिंग, पोहे यांसाठी लावापिएस या भागातल्या बांगलादेशी आणि भारतीय दुकानांत जा. मेर्कादोना रविवारी बंद असतं हे शनिवारी आठवायला हवं. गोडा मसाला, आमसूल आणि भाजणी मात्र घरूनच न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तूप हवंच असेल तर ‘मान्तेकिया सिन साल’, म्हणजे बिनमिठाचं लोणी, आणून कढवा. पहिल्या दिवाळीत आम्ही तसंच केलं आणि बेसनाचे लाडू उत्तम झाले.

शेगडी बहुधा काचेची असते. इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच चालेल. फोडणी देताना धूर ओढणारा पंखा आधी चालू करा, कारण स्वयंपाकघराची खिडकी आतल्या चौकात उघडते आणि तिथेच वरच्या मजल्यांचे कपडे वाळत असतात. शेजारणीच्या चादरीला हिंगाचा वास लागला तर संबंध बिघडतात. तिला एकदा गरम भजी नेऊन द्या. वीज २३० व्होल्टचीच आहे, पण तीन पिनांचा भारतीय प्लग बसत नाही. दोन-तीन अडॅप्टर सोबत ठेवा. नळाचं पाणी ग्वादारामा डोंगरातून येतं, बिनधास्त प्या.

वर्गात

वर्षाला ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास काम, घरचं वाचन धरून. गुण शून्य ते दहा. पाचला पास, सातला ‘नोताब्ले’, नऊला ‘सोब्रेसालिएन्ते’. भारतात टक्केवारीच्या सवयीमुळे सात म्हणजे कमी वाटतं. तसं नाही, सात चांगले गुण आहेत. सत्रभराचं काम मोजलं जातं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जागून भागत नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारीत, म्हणजे नाताळची सुट्टी अभ्यासात जाते.

निकालानंतर ‘रेविसियोन’ हा तुमचा हक्क आहे. ठरलेल्या दिवशी प्राध्यापकांसमोर बसून आपली उत्तरपत्रिका बघायची, कुठे गुण गेले ते विचारायचं. आपल्याकडच्या मुलांना हे उद्धटपणाचं वाटतं, म्हणून ती जात नाहीत. जरूर जा. प्राध्यापकांना इथे नावाने हाक मारतात आणि ‘तू’च म्हणतात. मला पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटेना. महिन्याभरात जमलं.

विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, अभ्यास सांभाळून. भाड्याची मदार त्यावर ठेवू नका.

बोलणं

इंग्रजीतला अभ्यासक्रम असला तरी स्पॅनिश शिका. घरमालक, पोलीस, डॉक्टर, कुणीच इंग्रजीत बोलणार नाही असं धरून चाला. सरकारी भाषाशाळा, ‘एस्कुएला ओफिथियाल दे इदिओमास’, खाजगी वर्गांपेक्षा खूप स्वस्त आहेत, पण प्रवेश ठरलेल्या दिवसांतच होतात. मराठी माणसाला यात एक आयता फायदा आहे. स्पॅनिश त आणि द हे आपल्या त-द सारखेच, दाताला जीभ लावून. इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणू नका, आणि तुमचा उच्चार पहिल्याच दिवशी चांगला वाटेल. ‘एस्पान्या’तला न्य म्हणजे आपला ञ.

बाजारात किंवा दवाखान्यात रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे बसलेली असतात. आत गेल्यावर मोठ्याने विचारायचं, ‘कियेन एस एल उल्तिमो?’, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं, त्याच्यानंतर तुमचा नंबर. लिफ्टमध्ये शिरताना ‘ओला’, निघताना ‘आस्ता लुएगो’, अनोळखी माणसालाही. हे न म्हणणं इथे तुसडेपणाचं समजतात.

एकटेपणा नोव्हेंबरात येतो. दिवस लहान होतात, थंडी कोरडी आणि बोचरी असते, कारण हे शहर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, पुण्याहूनही उंच. तेव्हा खोलीत बसू नका. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ सगळ्यांना मोफत असतं, आणि १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना एरवीही. रेना सोफियामध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ आहे, मंगळवारी ते बंद असतं. महापालिकेच्या वाचनालयाचं कार्ड फुकट मिळतं, तिथे ऊब असते आणि माणसंही.

दिवाळीला घरी जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी व्हिसाची तारीख बघा. व्हिसा संपलेला आणि कार्ड अजून हातात नाही, अशा अवस्थेत देशाबाहेर गेलात तर परत येताना विमानात चढू देणार नाहीत. त्यासाठी ‘आउतोरिथासियोन दे रेग्रेसो’ हा परतीचा परवाना पोलिसांकडून काढावा लागतो, त्यालाही थिता लागते, आणि ऑक्टोबरात त्या थितांची टंचाई असते. तो हातात आल्यावरच घरी फोन करून येतोय म्हणून सांगा.